परतीची खेप

"थोडं डावीकडं घ्या. अजून. आता थांबा," सार्जंट येवले म्हणाले, आणि तेवढ्यात स्ट्रेचरचं पुढचं टोक विमानाच्या आतल्या कपाटावर आपटलं.

स्ट्रेचरवर पट्ट्यांनी बांधलेला कॉर्पोरल दास खुदकन हसला. सगळ्या तुकडीत त्याच्याइतका किरकोळ अंगाचा माणूस नव्हता, म्हणूनच त्याला रोगी केलं होतं. चार जणांनी त्याला पुन्हा खाली घेतलं. एप्रिलमधली सकाळ होती, हँगरचा पत्रा आत्ताच तापायला लागला होता, आणि त्या पांढऱ्याशुभ्र छोट्या जेटभोवती आम्ही सगळे लग्नघरातल्यासारखे घुटमळत होतो. विमान विकणाऱ्या कंपनीचे दोन प्रतिनिधी कोट घालून, घाम पुसत, सारखे हसत उभे होते.

दुसऱ्यांदाही तेच झालं. दार स्ट्रेचरपेक्षा चार बोटं रुंद होतं, ते मी स्वतः फीत लावून मोजलं होतं. पण दारातून आत गेलं की लगेच काटकोनात वळावं लागे, आणि वळणावर चहा-नाश्त्याचं ते कपाट आडवं येई. तिसऱ्या वेळी कुणीतरी म्हणालं, कुशीवर घ्या. मग दासला स्ट्रेचरसकट एका कुशीवर उभं केलं, पायाकडची बाजू खांद्याच्या वर उचलली, आणि ढकलत, वळवत, एकमेकांवर ओरडत आत नेलं. आत गेल्यावर टाळ्या पडल्या. दास डोकं खाली आणि पाय वर अशा अवस्थेत पट्ट्यांना लोंबकळत होता, आणि तोही टाळ्या वाजवत होता.

येवले टाळ्या वाजवत नव्हते. ते खाली आले, हात पुसले आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "गेलं साहेब आत. पण कसं गेलं, तेवढं लिहा."

या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली. मी तेव्हा फ्लाइट लेफ्टनंट होतो, इंजिनिअर, वय एकोणतीस. धामणस्करांच्या घरातला हवाई दलात गेलेला पहिलाच मुलगा, त्यामुळे सुट्टीवर देवरुखला गेलो की लोक मला बघायला येत, आणि मलाही ते आवडे. आमच्या स्क्वाड्रनचं काम म्हणजे बड्या लोकांना इकडून तिकडे पोचवणं. सचिव, वरिष्ठ सेनाधिकारी, कधी एखादे मंत्री. आमची पंख्याची जुनी विमानं हे काम करत होती आणि आता पार थकली होती. त्यांच्या जागी आठ जणांची छोटी जेट विमानं घ्यायची असं ठरलं होतं. उद्योगपती लोक वापरतात तसली, फक्त शेपटीवर आमची निशाणी.

जुन्या विमानांची मात्र एक रीत होती. उत्तरेला डोंगरात आमचा एक तळ होता. हिवाळ्यात तिथला रस्ता बर्फाने बंद होई. तिथे साहेबलोकांना नेलं, की येताना विमान रिकामं येत नसे. तळावर कुणाचं अपेंडिक्स फुटलेलं असे, कुणी घसरून मांडी मोडून घेतलेली असे. त्याला स्ट्रेचरवर घालायचं, साहेबलोकांच्या मागे आडवं ठेवायचं आणि खाली मोठ्या इस्पितळात पोचवायचं. येवले त्याला परतीची खेप म्हणत. ते वैद्यकीय सहाय्यक होते, मूळ अकोल्याकडचे, म्हणजे नगर जिल्ह्यातल्या अकोल्याचे. अकरा वर्षं त्यांनी त्या खेपा केल्या होत्या. नव्या विमानाच्या अटींत 'एक स्ट्रेचर-रोगी व सोबत एक परिचारक' ही ओळ त्यांच्याच अर्जामुळे कुठेतरी खाली, बेचाळिसाव्या क्रमांकावर आली होती. त्या ओळीचा त्यांना किती अभिमान होता ते सगळ्या स्क्वाड्रनला ठाऊक होतं. त्यावरून आम्ही त्यांची थट्टाही करत असू, की येवले, विमान सरकार घेतंय पण बेचाळीस नंबर तुमचा.

अटींच्या कागदावर प्रत्येक ओळीपुढे दोनच रकाने होते. अनुरूप, अनुरूप नाही. शेऱ्यासाठी शेवटी वेगळं पान होतं.

चाचणी संपल्यावर ग्रुप कॅप्टन नाडगौडांनी मला त्यांच्या जीपमध्ये घेतलं. ते आमच्या परीक्षण मंडळाचे अध्यक्ष. सोलापूरकडचे, भारदस्त, कमी बोलणारे, आणि मला ते फार आवडत. रस्त्यात ते म्हणाले की ही फाईल नऊ वर्षं फिरतेय, एक 'नाही' लागला की ती पुन्हा पहिल्या टेबलावर जाते. बस, इतकंच. हे कर, ते करू नको, असं ते अक्षरानेही म्हणाले नाहीत. मी मात्र उरलेल्या रस्त्यात तेच वाक्य घोळवत बसलो.

दुपारी मंडळ बसलं. आम्ही तिघे होतो. नाडगौडा, वैमानिकांच्या बाजूने विंग कमांडर थापर, आणि मी. अशा मंडळात आमच्याकडे एक जुनी पद्धत पाळत. मत सगळ्यांत धाकट्याने आधी द्यायचं. वरिष्ठ आधी बोलला तर धाकटा त्याच्या तोंडाकडे बघून मान डोलावणार, म्हणून धाकट्याला मोकळं बोलता यावं यासाठी ही सोय. पद्धत चांगली आहे. मी पुढे कितीतरी जणांना ती कौतुकाने समजावून सांगितली आहे.

एकेक ओळ पुढे सरकत होती. वेग, उंची, इंधन, खुर्च्या. प्रत्येक ओळीला मी आधी बोलायचो, मग थापर, मग नाडगौडा. बेचाळिसावी ओळ आली तेव्हा चहा आला होता. नाडगौडांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं.

मी काय विचार केला ते मला नीट आठवतं, कारण नंतर मी तो इतक्यांदा उगाळला आहे. माप बरोबर होतं. स्ट्रेचर आत गेलं होतं, हे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते कसं गेलं, हेही सगळ्यांनी पाहिलं होतं. मी नुसतं मापाचं बोलतो, बाकीचं हे दोघे वडीलधारे आहेत, ते बोलतील, शेरा घालतील. आणि खरं सांगायचं तर मला त्या नऊ वर्षांच्या फाईलीची भीती वाटली. तो 'नाही' माझ्या नावावर लागायला नको होता.

"अनुरूप," मी म्हणालो.

थापर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अनुरूप." नाडगौडांनी पेन्सिल उचलली, पुढ्यातल्या कागदावर काहीतरी खोडलं आणि तेही तेच म्हणाले. मग आम्ही त्रेचाळिसाव्या ओळीवर गेलो. ती खिडक्यांच्या पडद्यांची होती.

बाहेर येवले व्हरांड्यात उभे होते. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. त्यांनी विचारलं, "लिहिलं का साहेब?" मी म्हणालो, शेरा जाईल. असं म्हणालो आणि झपाझप चालू लागलो. मागून त्यांनी "बरं झालं साहेब" म्हटलेलं मला ऐकू आलं.

विमानं आली. जुनी मोडीत निघाली. त्यातलं एक आमच्या स्क्वाड्रनच्या फाटकापाशी चौथऱ्यावर शोभेला उभं केलं. येवल्यांची बदली त्याच डोंगरातल्या तळावर झाली, त्यांनी ती स्वतःच मागून घेतली असं कळलं.

दीड वर्षाने, ऑक्टोबरच्या अखेरीस, मी त्या तळावर गेलो. एका खात्याचे सहसचिव आणि त्यांचे तीन अधिकारी पाहणीला चालले होते, आणि विमानाच्या एका पंपाचा त्रास होता म्हणून मला सोबत पाठवलं होतं. सकाळी नऊला उतरलो. त्या वर्षी बर्फ लवकर पडलं होतं, आणि घाट आदल्याच दिवशी बंद झाला होता. वैमानिकाने सांगून ठेवलं की दीडच्या आत निघायचं, दुपारनंतर ढग खाली येतात आणि मग चार चार दिवस हलत नाहीत.

अकराच्या सुमारास हँगरच्या छपरावरचं बर्फ काढताना एक जवान खाली पडला. अग्निशमन दलातला, बिपिन लाक्रा नावाचा, झारखंडातल्या गुमल्याकडचा, वय असेल चोवीस. मी पोचलो तेव्हा येवले त्याच्या डोक्याशी गुडघे टेकून बसले होते आणि त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरून होते. तळावरची डॉक्टर अगदी तरुण होती, फ्लाइट लेफ्टनंट झुबिन्का नावाची नागा मुलगी. ती शांतपणे बोलत होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मान मोडलीय, ती म्हणाली. आत्ता हातपाय हलताहेत. सूज वर चढली तर श्वास थांबेल. आज मोठ्या इस्पितळात पोचला तर वाचेल. मात्र वाकवायचं नाही, वळवायचं नाही, आहे तसा सरळ न्यायचा.

येवल्यांनी मान वर करून पाहिलं, आणि मी दिसताच त्यांचा चेहरा उजळला. तो चेहरा मी विसरू शकलो असतो तर फार बरं झालं असतं. ते म्हणाले, "चला, साहेब आलेत. विमान आहे. परतीची खेप."

लाक्राला फळीवर बांधून, स्ट्रेचरवर घालून विमानापाशी आणलं. सहसचिव भला माणूस होता. आपले लोक घेऊन तो स्वतःहून खाली उतरला, आम्ही राहतो इथे, आधी त्याला न्या म्हणाला, आणि सलाइनची बाटली हातात धरून उभा राहिला. स्ट्रेचर दारातून आत गेलं आणि कपाटापाशी अडलं. मागे घेतलं, पुन्हा घातलं. तिसऱ्यांदा घालायला निघाले तेव्हा येवल्यांनी हात वर केला.

"हे विमान तपासलं कुणी होतं?" सहसचिवाने विचारलं. त्याने रागाने विचारलं नव्हतं, नुसतं आश्चर्याने विचारलं होतं.

येवले माझ्याजवळ आले. एप्रिलमध्ये आले होते तसेच, अगदी जवळ. "साहेब," ते म्हणाले, "शेरा गेला होता ना?"

मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. ते "बरं" म्हणाले आणि परत लाक्राच्या डोक्याशी जाऊन बसले.

मी हत्यारांची पेटी घेऊन आत शिरलो. ते कपाट काढलं तर वळण मोकळं होणार होतं. चार बोल्टांवर ते बसवलेलं होतं. पहिले दोन पंधरा मिनिटांत निघाले. तिसऱ्यासाठी तळाची पट्टी काढावी लागली, खुर्चीचा पाय सोडवावा लागला, हात सोलून निघाला. चौथा बोल्ट भिंतीच्या आतल्या बाजूने होता. त्यासाठी कंपनीचं खास हत्यार लागे, आणि ते खाली आमच्या स्टोअरमध्ये कुलुपात होतं. मी त्याच्यावर छिन्नी चालवली, हातोडा चालवला. तळावरच्या वर्कशॉपमधून लोखंड कापायची करवत आणवली आणि कापायला बसलो. देवाचं नाव मी एरवी घेत नाही, त्या तासाभरात घेतलं. बोल्ट अर्धा कापला गेला.

बाहेरून वैमानिकाने घड्याळ दाखवलं. समोरचं शिखर दिसेनासं झालं होतं. त्याने मला आणखी दहा मिनिटं दिली, मग आणखी पाच दिली. मग तो म्हणाला की आता सगळेच अडकू, आणि विमानही.

मी खाली उतरलो. लाक्रा आकाशाकडे बघत पडला होता, दुसरीकडे त्याला बघताच येत नव्हतं. त्याने विचारलं, "साब, चलना है?"

येवले त्याच्या डोक्यावरचे हात न काढता मला म्हणाले, "त्या दिवशीसारखं कुशीवर घ्यायचं का? तुम्ही सांगा साहेब. कसं न्यायचं ते आपल्या दोघांनाच म्हाईत आहे."

डॉक्टर माझ्याकडे बघत होती. सहसचिव बघत होता. माझ्या डोळ्यांपुढे दास आला, डोकं खाली, पाय वर, टाळ्या वाजवत असलेला.

"नको," मी म्हणालो.

येवल्यांनी मान हलवली. त्यांचंही तेच मत होतं, ते त्यांच्या हातांवरूनच दिसत होतं. मग त्यांनी लाक्राच्या कानाशी वाकून सांगितलं की हे विमान छोटं आहे, मोठं येतंय, तोवर मी इथंच आहे. मोठं विमान आता उरलं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

आम्ही निघालो. सहसचिव आणि त्याची माणसं चार खुर्च्यांवर, मी मागे. उरलेल्या खुर्च्या रिकाम्या होत्या. सुटं झालेलं कपाट उतरेपर्यंत एका बोल्टावर खडखडत होतं, आणि मी ते पायाने दाबून धरलं होतं. खाली उतरल्या उतरल्या मी ते हत्यार स्टोअरमधून काढलं आणि चौथा बोल्ट काढला. त्याला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. रिकामं वळण घेऊन विमान धावपट्टीच्या कडेला चार दिवस उभं राहिलं. वर ढग होते. हेलिकॉप्टरही जाऊ शकलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे लाक्राचा श्वास थांबला. येवले आणि डॉक्टर तिन्ही दिवस आळीपाळीने हाताने श्वासाचा फुगा दाबत होते असं तिनेच नंतर कळवलं.

नाडगौडा तेव्हा मुख्यालयात होते. मी रजा टाकून त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, आणि म्हणालो की मला हे लिहून द्यायचं आहे, माझ्या नावानिशी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग उठून कपाटातून एक जुनं पॅड काढलं, पानं उलटली आणि माझ्यापुढे ठेवलं.

त्यांचं अक्षर सुरेख होतं. पेन्सिलीने बेचाळीस आकडा घातला होता आणि त्यापुढे लिहिलं होतं, 'रोगी कुशीवर घेतल्याशिवाय आत जात नाही. अट पूर्ण होत नाही.' त्यावर एक सरळ रेघ मारलेली होती.

"मी हे लिहून आणलं होतं," ते म्हणाले.

"मग सर, बोलला का नाहीत?"

"तू आधी बोललास." त्यांनी पॅड मिटलं. "माप तू घेतलंस, इंजिनिअर तू. तू हो म्हणालास, तर मला वाटलं तुला काहीतरी दिसलंय जे मला दिसत नाही. आणि तुला खोटं पाडायचं म्हणजे धाकट्याचं मत दाबायचं. थापर त्याच संध्याकाळी मेसमध्ये मला म्हणाला, मी तर नाहीच म्हणणार होतो."

म्हणजे तिघांच्याही पोटात 'नाही' होता, आणि तिघेही दुसऱ्याची वाट बघत होते. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, हेच सहन होत नव्हतं.

मी पत्र लिहिलं. आठ पानी. चूक माझी, हे पहिल्याच ओळीत. शिक्षा व्हावी असं मला मनापासून वाटत होतं, निदान कुणीतरी बोलावून खडसवावं. वर्ष गेलं, काही झालं नाही. उलट मध्येच मला स्क्वाड्रन लीडर केलं. चौदा महिन्यांनी उत्तराची प्रत आली. त्याच जातीची आणखी विमानं घ्यायचं घाटत होतं, आणि माझ्या पत्राची 'गंभीर दखल घेऊन' अटींचा फेरविचार झाला होता.

येवले तोवर मुदत संपवून घरी गेले होते. मी अकोल्याला गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. ते ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. उठून उभे राहिले, "या साहेब" म्हणाले, मला खुर्ची दिली, आत चहाला सांगितलं. लाक्राचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही काढला नाही. चहा झाल्यावर मी ते उत्तराचं पत्र त्यांच्या हातात दिलं. वाचून दाखवायचं धाडस मला झालं नाही.

त्यांनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून सावकाश वाचलं. ही विमानं अधिकृत प्रवासासाठी असल्याने अट क्रमांक बेचाळीस वगळण्यात येत आहे, इतकाच त्यातला निर्णय होता.

त्यांनी दुसऱ्यांदा वाचलं. मग कागद होता तशाच घड्या घालून मला परत दिला आणि सुपातली शेंग उचलली.

"बरं झालं साहेब," ते म्हणाले. "आता कुणाला खोटं लिहायला नको."